प्रॉक्सीच्या अलीकडून केलेलं जावाडॉक

समजा, जव्हार तालुक्यातल्या पर्जन्यमापकांच्या नोंदी सांभाळणारा एक छोटा जावा प्रोग्रॅम आहे. त्यातल्या एका मेथडला तारीख दिली की त्या दिवशी दाभोशाला किती मिलिमीटर पाऊस पडला ते ती सांगते. लिहिणाऱ्यानं मेथडच्या डोक्यावर दोन ओळींची टिप्पणी लिहून ठेवली आहे. जावाबरोबर येणारं जावाडॉक हे साधन ती टिप्पणी आणि मेथडची व्याख्या वाचतं आणि त्यातून एचटीएमएलचं पान तयार करतं. पानावर मेथडच्या नावापुढच्या कंसात 'लोकलडेट' आणि नावाच्या आधी 'बिगडेसिमल' असं छापून येतं. ही दोन्ही नावं जावाच्या स्वतःच्या क्लासांची आहेत.

हे पान दोन तऱ्हांनी तयार होऊ शकतं. पहिल्या तऱ्हेत ती दोन नावं निळी असतात. 'बिगडेसिमल'वर क्लिक केलं की वाचणारा जावा सांभाळणाऱ्या ऑरॅकल कंपनीच्या अधिकृत पानावर पोचतो. दशांश चिन्हानंतरचे किती आकडे धरायचे, भागाकार करताना पूर्णांकन कसं करायचं, हे सगळं तिथे लिहिलेलं असतं. दुसऱ्या तऱ्हेत तीच नावं काळ्या अक्षरांत नुसती छापलेली असतात आणि वाचणाऱ्याला पुढचा शोध स्वतःच घ्यावा लागतो. अनुभवी माणसाचं त्यावाचून अडत नाही. नुकता जावा शिकणारा विद्यार्थी मात्र तिथेच थांबतो, कारण काय शोधायचं हेच त्याला ठाऊक नसतं. डॉक्युमेंटेशन लिहायचं ते मुख्यतः त्याच्यासाठी, म्हणून हा निळ्या-काळ्याचा फरक मला किरकोळ वाटत नाही.

दुसऱ्या तऱ्हेचं पान बहुतेक वेळा कुणी ठरवून केलेलं नसतं. जुन्या आवृत्त्यांत जावाडॉकला बाहेरची साइट गाठता आली नाही, तर ते 'एरर फेचिंग यूआरएल' अशी एक वॉर्निंग देतं आणि पुढच्या कामाला लागतं. ती ओळ इतर शेकडो ओळींबरोबर स्क्रीनवरून वर निघून जाते. बिल्ड यशस्वी झाल्याचं कळतं, पानं सर्व्हरवर चढतात, आणि त्यांतून लिंक गळाल्या आहेत हे कित्येक महिने कुणाच्या ध्यानात येत नाही.

या गळतीचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे युजरनेम आणि पासवर्ड मागणारा प्रॉक्सी. महाराष्ट्रातली इंजिनिअरिंग कॉलेजं, बँका, सरकारी कार्यालयं, आयटी कंपन्या, सगळीकडे तो भेटतो. त्यावरचा उपाय सोपा आहे, पण तो समजायचा तर आधी जावाडॉक लिंक कशी करतं हे नीट पाहायला हवं.

बाहेरच्या डॉक्युमेंटेशनला जोडण्याची '-लिंक' ही सोय 1998 च्या अखेरीस आलेल्या जावा 1.2 पासून आहे. तिला एक पत्ता द्यायचा: जावाची अधिकृत पानं इथे आहेत. आपल्या कोडमध्ये 'लोकलडेट' दिसलं की जावाडॉकसमोर एवढाच प्रश्न असतो, की 'लोकलडेट' ज्या 'जावा डॉट टाइम' पॅकेजमधला आहे ते पॅकेज या पत्त्यावर आहे का? त्यासाठी ते त्या साइटवरून एकच फाइल मागतं. पूर्वी तिचं नाव 'पॅकेज-लिस्ट' होतं. जावात मॉड्युलं आल्यानंतर ते 'एलिमेंट-लिस्ट' झालं. ती साध्या टेक्स्टची फाइल असते, एका ओळीवर एका पॅकेजचं नाव. यादीत 'जावा डॉट टाइम' सापडलं की काम झालं. पुढचा पत्ता जावाडॉक स्वतः रचतं: मूळ पत्ता, पॅकेजच्या नावातल्या टिंबांच्या जागी तिरप्या रेघा, शेवटी क्लासचं नाव आणि 'डॉट एचटीएमएल'. ज्या पानाला लिंक द्यायची ते पान ते उघडूनही पाहत नाही.

जव्हारच्या नाक्यावर 'दाभोसा' लिहिलेला, बाण दाखवणारा फलक उभा करायचा तर कारागिराला वीसेक किलोमीटर जाऊन लेंडी नदीवरचा तो तीनशे फुटांचा धबधबा पाहून यावं लागत नाही. कुठला रस्ता कुठे जातो हे त्याला ठाऊक असलं की पुरतं. लिंकही तशीच आहे. लिंक तयार करायला लागते ती यादी, आणि लिंकवरून जाणाऱ्याला लागतं ते पान. या दोन गरजा वेगळ्या आहेत. त्या वेगळ्या वेळी, वेगळ्या ठिकाणी आणि वेगळ्या माणसांच्या असू शकतात. प्रॉक्सीशी झटताना बहुतेक लोक हे विसरतात आणि सगळं एकाच वेळी साधायला बघतात.

मॉड्युलं आल्यावर यादीचं नाव उगाच बदललं नाही. जावा 11 पासून अधिकृत पानांच्या पत्त्यात पॅकेजच्या आधी मॉड्युलचं नाव येतं. 'लोकलडेट'चं पान आता 'जावा डॉट बेस' या फोल्डरच्या आत आहे. म्हणून नव्या यादीत 'मॉड्युल:जावा.बेस' अशी एक ओळ आणि तिच्याखाली त्या मॉड्युलमधली पॅकेजं अशी मांडणी असते. जुनी यादी घेऊन नव्या साइटचा पत्ता रचला तर मॉड्युलचा तुकडा गळतो आणि लिंक चुकीच्या जागी जाते. हा मुद्दा पुढे पुन्हा लागेल.

आता प्रॉक्सी. संस्थेच्या आतली यंत्रं आणि बाहेरचं जग यांच्यामध्ये उभा असलेला हा सर्व्हर. आतलं यंत्र त्याला सांगतं, अमुक पान आणून दे, आणि तो आणून देतो. वेबच्या अगदी सुरुवातीच्या काळात, 1994 मध्ये, सर्न या युरोपीय प्रयोगशाळेच्या वेब सर्व्हरमध्ये ही सोय आली होती. 1996 पासून स्क्विड हे मोफत सॉफ्टवेअर मिळू लागलं आणि भारतातल्या कॉलेजांनी ते आनंदानं उचललं. त्या काळी सगळ्या कॉलेजला मिळून एक बारीकशी लाइन असायची. एकानं आणलेलं पान प्रॉक्सीनं साठवून ठेवलं की दुसऱ्याला ते आतूनच मिळायचं. लाइन मोठी झाल्यावर साठवणीची गरज कमी झाली, पण 'कोण काय बघतंय' याची नोंद हवी होती, म्हणून पासवर्डचं दार राहिलं.

मुंबईतलं ठळक उदाहरण पवईच्या आयआयटीचं. तिथे बरीच वर्षं 'नेटमॉन' नावाचा प्रॉक्सी होता. वसतिगृहातून असो की प्रयोगशाळेतून, बाहेर जायचं तर संस्थेचं एलडॅप खातं आणि त्याचा पासवर्ड देऊन नेटमॉनमधूनच जावं लागे. ब्राउझरला एकदा पासवर्ड दिला की झालं. पण उबंटूचं पॅकेज आणणारं साधन, गिट, पायथॉनचं पिप यांतलं प्रत्येक साधन प्रॉक्सीचा पत्ता वेगळ्या फाइलमध्ये, वेगळ्या पद्धतीनं मागायचं. नव्या मुलांसाठी सीनियरांनी लिहिलेल्या 'नेटमॉनमागून हे कसं चालवायचं' अशा टिपणांची तिथे एक परंपराच तयार झाली होती. पुढे तिथली पद्धत बदलली आणि आधी लॉगिनचं पान उघडून मग सरळ बाहेर जाता येऊ लागलं. अनेक कॉलेजांत आणि बँकांत मात्र जुना प्रकार अजून चालू आहे.

त्याच आयआयटीत 'सितारा' या नावानं ओळखलं जाणारं, ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानावर काम करणारं केंद्र आहे. 1985 पासूनचं. तिथले विद्यार्थी आणि प्राध्यापक मोखाडा तालुक्यातल्या पिण्याच्या पाण्याच्या प्रश्नावर अभ्यास करत आले आहेत. नेटमॉनच्या काळात पवईतल्या प्रयोगशाळेत इंटरनेट असे पण दारावर प्रॉक्सी उभा. मोखाड्याच्या पाड्यावर दारही नाही आणि इंटरनेटही नाही. डॉक्युमेंटेशन पहिल्या ठिकाणी तयार होतं आणि दुसऱ्या ठिकाणी वाचावं लागतं. दोन्हीकडे चालेल अशी रचना हवी, आणि ती होऊ शकते.

प्रॉक्सीपाशी नेमकं काय अडतं ते जवळून पाहू. जावाडॉक प्रॉक्सीला म्हणतं, 'डॉक्स डॉट ऑरॅकल डॉट कॉम'शी जोडून दे. प्रॉक्सी उत्तर देतो, 407, आधी ओळख दाखवा. ब्राउझरला 407 आला की तो खिडकी उघडतो, माणूस नाव-पासवर्ड टाइप करतो आणि ब्राउझर तीच मागणी ओळखीसकट पुन्हा करतो. जावाडॉक मात्र कमांड लाइनवर चालणारं साधन. रात्री दोन वाजता बिल्ड सर्व्हरवर ते चालतं तेव्हा समोर कुणी बसलेलंही नसतं. 407 आला की ते 'अनएबल टू टनल थ्रू प्रॉक्सी' अशा अर्थाची तक्रार नोंदवतं आणि लिंक सोडून देतं.

मग लोक जावाला प्रॉक्सी शिकवायला बसतात. पहिली पायरी जमते. 'एचटीटीपी डॉट प्रॉक्सीहोस्ट' आणि 'एचटीटीपी डॉट प्रॉक्सीपोर्ट' या दोन प्रॉपर्टी जावा मनापासून मानतं. जावाडॉकला त्या द्यायच्या तर प्रत्येकीच्या आधी '-जे' लावायचा, म्हणजे त्या आतल्या जावा यंत्रापर्यंत जातात. साइट एचटीटीपीएसवर असेल तर 'एचटीटीपीएस डॉट प्रॉक्सीहोस्ट' ही वेगळी प्रॉपर्टी लागते. जुन्या पुस्तकांतून आणि टिपणांतून पहिलीच जोडी उतरवून घेतलेली असते, आणि आज अधिकृत पानं एचटीटीपीएसवर असतात. निम्मा दिवस तिथेच जातो.

खरी भिंत दुसऱ्या पायरीवर आहे. होस्ट आणि पोर्ट प्रॉपर्टीतून देता आले, तर नाव आणि पासवर्डही 'प्रॉक्सीयुजर' आणि 'प्रॉक्सीपासवर्ड' अशा प्रॉपर्टींतून देता येतील असं कुणालाही वाटेल. या नावाच्या प्रॉपर्टी काही साधनं स्वतःपुरत्या वाचतातही. पण जावाचं मूळ एचटीटीपी कनेक्शन त्यांच्याकडे पाहत नाही. जावात ओळख द्यायची रीत वेगळी आहे: प्रोग्रॅमनं स्वतः 'ऑथेंटिकेटर' नावाचा एक क्लास नेमायचा आणि 407 आला की जावा त्याला विचारतं. आपण स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमात हे चार ओळींचं काम आहे. जावाडॉक आपण लिहिलेलं नाही, आणि ते असा कुणी नेमत नाही.

अँट हे बिल्डचं साधन वापरणाऱ्यांची इथे आणखी एक गैरसमजूत होते. अँटमध्ये प्रॉक्सीचं नाव-पासवर्ड सांगायची सोय आहे, आणि ती ऑथेंटिकेटर नेमतेही. पण अँट जावाडॉकला वेगळ्या प्रक्रियेत चालवतं. नेमणूक अँटच्या जावा यंत्रात होते, प्रश्न विचारला जातो जावाडॉकच्या जावा यंत्रात. त्यामुळे त्याच बिल्डमधलं अँटचं डाउनलोड सुरळीत चालतं आणि जावाडॉकच्या लिंक मात्र येत नाहीत. कारण कळेपर्यंत हे कोडंच वाटतं.

शिवाय 2016 च्या ऑक्टोबरमध्ये जावा 8 च्या 111 व्या अपडेटनं दार आणखी घट्ट केलं. एचटीटीपीएससाठी प्रॉक्सीतून बोगदा काढताना 'बेसिक' पद्धतीनं पासवर्ड पाठवणं जावानं आपल्या बाजूनंच बंद केलं. बदल योग्यच होता. बेसिक पद्धतीत नाव आणि पासवर्ड बेस64 मध्ये लिहून पाठवतात. ते कुलूप नव्हे, वाटेत ऐकणारा कुणीही ते क्षणात उलगडू शकतो. पुढचं सगळं संभाषण कूटबद्ध असतं, पण आपलं यंत्र ते प्रॉक्सी एवढ्या टप्प्यात पासवर्ड उघडा जातो. ही बंदी एका प्रॉपर्टीनं उठवता येते आणि अनेक जण ती उठवतातही.

पासवर्डबद्दल मला थोडं जास्त बोलायचं आहे, कारण लिंक न येण्यापेक्षा हे नुकसान मोठं आहे. लोक काय करतात? पासवर्ड कमांड लाइनवर लिहितात. त्याच यंत्रावर लॉगिन केलेला दुसरा माणूस चालू प्रक्रियांची यादी मागतो तेव्हा ती अख्खी कमांड, पासवर्डसकट, बहुतेक लिनक्स यंत्रांवर त्याला दिसते. कुणी तो 'एचटीटीपी_प्रॉक्सी' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये लिहितात. पासवर्डात '@' असला तर पत्ता मधेच तुटतो, मग त्या जागी '%40' लिहायचं हे शोधावं लागतं. आणि कुणी थेट बिल्ड फाइलमध्ये लिहून गिटमध्ये कमिट करतात. नंतर ती ओळ खोडली तरी गिटच्या इतिहासात ती राहते. जो प्रकल्प पुढे सगळ्यांसाठी खुला होतो त्याचा इतिहासही खुला होतो. अनेक संस्थांत प्रॉक्सीचा पासवर्ड आणि ईमेलचा पासवर्ड एकच असतो. 'लोकलडेट' निळं दिसावं म्हणून माणूस आपल्या टपालाची किल्ली दारात टांगून जातो. हा सौदा कधीच करू नये.

म्हणून प्रॉक्सीशी जावाडॉकची गाठच घालू नये. तशी सोय जावाडॉकमध्ये बऱ्याच वर्षांपासून आहे: '-लिंकऑफलाइन'. तिला दोन गोष्टी द्यायच्या. पहिली, लिंकमध्ये लिहायचा पत्ता, म्हणजे ऑरॅकलच्या साइटचा. दुसरी, यादी जिथे ठेवली आहे त्या फोल्डरचा पत्ता, म्हणजे आपल्याच यंत्रावरचा. जावाडॉक यादी इथून वाचतं, लिंक तिथली लिहितं आणि नेटवर्कला हातही लावत नाही. मेव्हनच्या जावाडॉक प्लगइनमध्ये हीच सोय 'ऑफलाइनलिंक्स' या नावानं आहे, ग्रेडलमध्ये 'लिंक्सऑफलाइन' या नावानं, आणि अँटमध्ये लिंकच्या टॅगवर 'ऑफलाइन' आणि 'पॅकेजलिस्टलॉक' हे दोन अॅट्रिब्यूट आहेत.

यादी आणायची ती एकदाच, आणि माणसानं. ब्राउझरनं प्रॉक्सीला ओळख दिलेलीच असते, तेव्हा पत्त्यापुढे 'एलिमेंट-लिस्ट' लिहून पान उघडायचं आणि सेव्ह करायचं. कमांड लाइनवरचं कर्ल वापरत असाल तर '-यू' कॅपिटल अक्षरात देऊन नुसतं नाव लिहा, पासवर्ड लिहू नका. कर्ल स्वतः विचारतं आणि टाइप केलेलं कुठे राहत नाही. मग ती फाइल प्रकल्पातच एका फोल्डरमध्ये ठेवून कोडबरोबर कमिट करायची. काही केबींची फाइल आहे आणि तिच्यात काही गुपित नाही.

सेव्ह करताना तीन ठिकाणी पाय घसरतो. ब्राउझर कधी कधी नावापुढे 'डॉट टीएक्सटी' जोडतो. जावाडॉकला नेमक्या नावाची फाइल हवी असते, त्यामुळे त्याला ती सापडत नाही. दुसरं, '-लिंकऑफलाइन'ला फाइलचं नाव दिलं जातं, द्यायचं असतं फोल्डरचं. तिसरं सगळ्यात फसवं आहे. संस्थेचं लॉगिन संपलेलं असेल तर प्रॉक्सी यादीऐवजी लॉगिनचं पान पाठवतो आणि तेच 'एलिमेंट-लिस्ट' या नावानं साठवलं जातं. म्हणून फाइल एकदा उघडून पाहावी. जावा 17 च्या यादीची सुरुवात 'मॉड्युल:जावा.बेस' या ओळीनं होते आणि मग 'जावा.आयओ', 'जावा.लँग' अशी पॅकेजं येतात. त्याऐवजी एचटीएमएलचे टॅग दिसले तर पुन्हा लॉगिन करून पुन्हा आणावी.

अलीकडच्या जावा आवृत्त्यांत ही अडचण निम्मी मिटली आहे. जावाच्या स्वतःच्या पॅकेजांच्या याद्या आता जावाडॉकच्या पोटातच ठेवलेल्या असतात आणि '-लिंक' न सांगताही 'लोकलडेट' निळं होतं. साधनाच्या कर्त्यांनी अखेर तेच केलं जे प्रॉक्सीमागचे लोक हातानं करत होते. हे मला फार समाधानाचं वाटतं. पण आपल्या कोडमध्ये अपाची कॉमन्स, स्प्रिंग, जेयुनिट असं काही वापरलेलं असेल तर त्यांच्या याद्या अजून आपल्यालाच आणाव्या लागतात.

कंपन्यांत आणखी एक अडथळा भेटतो. काही प्रॉक्सी एचटीटीपीएसचं संभाषणही मध्ये उघडून तपासतात आणि पुढे आपल्या सहीचं प्रमाणपत्र लावून पाठवतात. ब्राउझरला ते प्रमाणपत्र आयटी विभागानं ओळखायला शिकवलेलं असतं. जावाची विश्वासू प्रमाणपत्रांची पेटी वेगळी असते, आणि तिथे 'पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड' अशी एरर येते. कंपनीचं मूळ प्रमाणपत्र जावाच्या कीटूलनं त्या पेटीत घालणं हा सरळ मार्ग. प्रमाणपत्रांची तपासणीच बंद करणारे कोडचे तुकडे हातोहात फिरत असतात, त्यांना शिवू नये. यादी आधीच आणून ठेवली असेल तर हाही प्रश्न जावाडॉकपर्यंत पोचत नाही.

विंडोजच्या नेटवर्कमध्ये 'एनटीएलएम' पद्धतीनं ओळख मागणारा प्रॉक्सी असेल तर काही जण 'सीएनटीएलएम' हा छोटा मधला प्रॉक्सी आपल्याच यंत्रावर चालवतात. साधनं त्याच्याशी बिनपासवर्ड बोलतात आणि तो पुढे ओळख देतो. रोजच्या कामाला तो उपयोगी आहे. पण त्या यंत्रावरचा कुठलाही प्रोग्रॅम मग तुमच्या नावानं बाहेर जातो, हे लक्षात ठेवून वापरावा.

ही यादीची कल्पना फक्त जावाची नाही. 1997 पासूनच्या डॉक्सिजन या डॉक्युमेंटेशनच्या साधनात 'टॅगफाइल' असते. ती पहिल्यापासून आपल्या यंत्रावरूनच वाचली जाते, त्यामुळे डॉक्सिजन वापरणाऱ्यांना लिंकसाठी प्रॉक्सीशी झटावंच लागलं नाही. पायथॉनच्या जगात 2008 मध्ये आलेलं स्फिंक्स 'ऑब्जेक्ट्स डॉट आयएनव्ही' नावाची फाइल तयार करतं आणि त्याचं 'इंटरस्फिंक्स' हे एक्सटेन्शन ती वाचून दुसऱ्या प्रकल्पाला लिंक देतं. ती आवळून ठेवलेली असते, म्हणून टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली तर वरच्या चार ओळी वाचता येतात आणि खाली सगळी गिचमीड. इंटरस्फिंक्सलाही पत्त्याबरोबर स्थानिक फाइलचं नाव देता येतं.

याचा उपयोग कुठे होईल? 'पोकरा' म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पासाठी आयआयटी मुंबईनं गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडणारं एक प्लगइन तयार केलं. ते क्यूजीआयएस या मोफत नकाशा-सॉफ्टवेअरवर, पायथॉनमध्ये लिहिलेलं आहे. अशा कामात प्रत्येक दुसरा क्लास क्यूजीआयएसचा असतो आणि क्यूजीआयएसची पायथॉनची पानं स्फिंक्सनंच बनतात. 'ऑब्जेक्ट्स डॉट आयएनव्ही' एकदा आणून ठेवली की ज्या कार्यालयात प्रॉक्सी आहे तिथेही अशा प्लगइनचं पुरतं जोडलेलं डॉक्युमेंटेशन बनतं. सरकारी कामासाठी लिहिलेल्या कोडचा सांभाळ पुढे वेगळीच माणसं करतात, त्यांना ते मिळालं पाहिजे.

आता वाचणाऱ्याकडे येऊ. पवईत बसून '-लिंकऑफलाइन'नं तयार केलेली पानं पेन ड्राइव्हवर घालून दाभोशाला नेली, तर 'लोकलडेट' निळं दिसेल पण क्लिक केल्यावर काही उघडणार नाही. जव्हार-मोखाड्याच्या डोंगररांगांत टॉवरची लहर एका सोंडेपलीकडे अडते आणि दरीत उतरलं की मोबाइलवरच्या काड्या नाहीशा होतात. पावसाळ्यात वीजही बेभरवशाची. 2020 च्या टाळेबंदीत महाराष्ट्राच्या डोंगराळ भागातली मुलं ऑनलाइन वर्गासाठी टेकड्या चढत होती हे आपण सगळ्यांनी वाचलं आहे. जव्हारमध्ये पदवीचं शिक्षण घेणारा विद्यार्थी सुट्टीत पाड्यावर घरी गेला तरी त्याला कोड वाचता यायला हवा, डॉक्युमेंटेशनसकट.

त्यासाठी लिंकमधला पत्ताच बदलायचा. जावाची सगळी अधिकृत पानं एका झिप फाइलमध्ये ऑरॅकलकडून उतरवून घेता येतात. उलगडल्यावर ती काही शे एमबी होतात आणि कुठल्याही पेन ड्राइव्हवर आरामात मावतात. ते फोल्डर आपल्या पानांच्या फोल्डरशेजारी ठेवायचं आणि '-लिंक'ला वेबचा पत्ता न देता सापेक्ष वाट द्यायची: एक पायरी वर जा आणि शेजारच्या फोल्डरमध्ये शिर. जावाडॉक यादी तिथेच शोधतं, कारण पूर्ण डॉक्युमेंटेशनबरोबर यादी येतेच. लिंकही त्याच वाटेच्या लिहिल्या जातात. पेन ड्राइव्ह लावून ब्राउझरमध्ये पहिलं पान उघडलं की 'लोकलडेट'पासून पुढे जावाच्या कुठल्याही क्लासपर्यंत इंटरनेटशिवाय जाता येतं. जावा 9 पासून पानाच्या कोपऱ्यात शोधाची चौकट असते, तीही ब्राउझरच्या आतच चालते.

डेबियन या लिनक्सच्या वितरणानं हा मार्ग कधीच पक्का केला. तिथे कुठलंही पॅकेज बिल्ड होताना इंटरनेटला हात लावायचा नाही असा नियम आहे. म्हणून डेबियनमध्ये जावाचं डॉक्युमेंटेशन स्वतंत्र पॅकेज म्हणून मिळतं आणि इतर जावा लायब्ररींची पानं त्या स्थानिक फोल्डरलाच जोडलेली असतात. नियम करताना त्यांच्या डोळ्यांसमोर एकच कोड कुठेही, केव्हाही बिल्ड केला तरी तेच फळ मिळावं हे होतं. त्याचा फायदा प्रॉक्सीमागच्या माणसाला आणि नेटवर्क नसलेल्या माणसाला सारखाच होतो.

आयआयटी मुंबईच्याच 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाचं मला इथे आवर्जून नाव घ्यायचं आहे. प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांनी उभा केलेला हा प्रकल्प. जावासकट अनेक मुक्त सॉफ्टवेअरचे छोटे पाठ मराठीत ऐकता येतात, आणि इंटरनेट नसलेल्या ठिकाणी संगणकावर उतरवून चालवता यावेत अशीच त्यांची घडण आहे. पाठ मराठीत ऐकायचे आणि शेजारच्या फोल्डरमध्ये जोडलेलं जावाडॉक उघडून ठेवायचं, अशी पेन ड्राइव्ह तयार करायला एका शिक्षकाची एक दुपार पुरते.

ही रचना सांभाळायचा नियमही छोटाच आहे. प्रकल्पाची जावा आवृत्ती 17 वरून 21 केली की त्याच कमिटमध्ये लिंकमधला पत्ता आणि साठवलेली यादी दोन्ही बदला. जावा 8 ची 'पॅकेज-लिस्ट' आणि नव्या साइटचा पत्ता अशी जोडी राहिली तर पानावर सगळं निळं दिसतं आणि प्रत्येक लिंक मॉड्युलचं नाव गाळून भलतीकडे जाते. म्हणून बिल्डनंतर दोन-तीन निळी नावं हातानं दाबून पाहावीत, एक 'जावा डॉट बेस'मधलं आणि एक 'जावा डॉट एसक्यूएल'मधलं. आणि पेन ड्राइव्हवरची प्रत पाहायची तर संगणकाचं वायफाय बंद करून पाहावी.